मापाची वही

वडशाला, स्टेशनमागे, माझं शिवणकामाचं दुकान.
मागच्या भिंतीला संघाचं लोखंडी कपाट.
किल्ली माझ्याकडे, कारण त्याचं अडेल कुलूप
मलाच उघडता येतं. निवडणूक वगैरे काही झाली नाही.

अकरा गावांची अकरा नाटक मंडळं,
राजाचा अंगरखा मात्र एकच,
जांभळ्या मखमलीचा, गळ्याला जरी.
मंडईच्या हंगामात तो एका रात्री चिचटोल्याला,
दुसऱ्या रात्री नदीपलीकडे.
कधी आत दुर्योधन लोनबले, छाती बेचाळीस,
कधी धनपाल बुराड्याचा पोरगा, ज्याला छातीच नाही.
मी बगलेतली शिवण उसवतो, पुन्हा घालतो.
उलटा करून पाहाल तर सुईच्या भोकांच्या इतक्या रांगा
की कापड कमी आणि माणसं जास्त.

वहीत डाव्या पानावर मापं, उजव्या पानावर उसनवारी.
पेटी सावरझरीची. ती वाजवणारा मास्तर
कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा.
जनरेटर बोरटोल्याला, डिझेल ज्याचं त्याचं.
खलनायकही एकच, कवडू नाकाडे.
तो इकडे दुसऱ्या अंकात मरतो
आणि मोटरसायकलवर जंगल ओलांडून
तिकडे तिसऱ्या अंकात जिवंत होतो.
"तोंड धुवू नको गा," विंगेतून कुणी ओरडतं,
"तिकडचे लोक वाट पाहून रायले."

भांडणं? झाली ना.
पोस्टरवर कुणाचं नाव वर, यावरून इतकं पेटलं
की एका वर्षी अकराही नावं गोलात छापली.
वाचता कुणालाच आली नाहीत,
पण रुसलंही कुणी नाही.
तेव्हापासून ज्याचं नाटक त्याचं नाव मोठं,
खाली बाकी दहांच्या तारखा,
आणि पडदा बदलताना माईकवर
दुसऱ्याच्या नाटकाची जाहिरात करायची,
आपल्याच जावयाचं कौतुक करावं तशी, जरा दात दाबून.

नवेझरीचं मंडळ सगळ्यात धाकटं.
वनमाला कोडापेनं उभं केलं, बायाबायांनी,
राजाही तीच.
नाटकाच्या आदल्या दिवशी रस्त्यावर वाघ दिसला.
संध्याकाळपर्यंत एकेचाळीस तिकिटं,
त्यातली नऊ तिच्या माहेरची.
मी फक्त फोन केला बोरटोल्याला,
जनरेटरचं विचारायला. बाकी काही बोललो नाही.
बोललो असेन थोडं.

रात्री अकराला जंगलातून दोन ट्रॅक्टर आले,
पुढे ढोल बडवत, म्हणजे वाघालाही कळावं.
ट्रॉल्यांत तीन मंडळं. एक तर चालू हंगामातली तालीम सोडून,
तोंडाला रंग तसाच.
सगळ्यांनी तिकिटं काढली. फुकट बसतो म्हणणाऱ्याला
लोनबल्यानं तिथंच सुनावलं.

वनमालाबाईनं पडद्याच्या भोकातून पाहिलं.
समोर तणसावर बसलेले दोन हवालदार,
एक सासू, पेंगणारा यमदूत,
आणि पहिल्या रांगेत, मिशी लावलेला,
शेंगा सोलणारा कवडू नाकाडे.
म्हणाली, "वो भाऊ, नाटक नेमकं कोनत्या बाजूले हाय?"

दुसऱ्या अंकात ती वाक्य विसरली.
विंगेतून आवाज यायच्या आधी
प्रेक्षकांतूनच सोळा जणांनी ते सांगितलं,
सोळा वेगवेगळ्या तऱ्हांनी, आणि एकही बरोबर नाही.
ती हसली. राजाला हसायला नको होतं तिथं हसली.
गावानं टाळ्या पिटल्या.

पहाटे दुकान उघडलं, वही काढली.
कापडचोपड लिहायची सवय हाताला,
माणसं कशी लिहायची?
शेवटी लिहिलं: प्रेक्षक, उसने, अठ्ठावन्न.
परतीच्या तारखेचा रकाना
बराच वेळ पाहत बसलो.

मग अंगरखा आला, घामानं जड,
बाहीला तणसाची काडी.
तिच्यासाठी आत घेतलेली शिवण पुन्हा उसवायची आहे.
उद्या बोरटोला. छाती बेचाळीस.